मंचरपासूनचा आवाज

मंचरच्या बाजारसमितीजवळ कांद्याच्या पिकअप रांगेनं उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून नंदा आपली लांबलचक गाडी पहिल्या गिअरवर सरकवत होती, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा आला. टीं टीं टीं टीं. बारीक, टोकदार, कानात सुई घालावी तसा. समोर लाल दिवा पेटला होता, हँडब्रेकचा. तिनं डाव्या हातानं चाचपलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, सुनीलच्या मांडीवरचा टॉवेल मधल्या जागेत घसरला होता; त्यातून बाहेर आलेलं हँडब्रेकचं टोक तिनं खाली दाबलं. ते खालीच होतं. मागून ट्रकनं हॉर्न मारला, पुढून एक मोटारसायकलवाला आरशाला घासून गेला, आणि आवाज जसा आला तसा बंद झाला. तिच्या काखेत एकदम घाम फुटला. बावन्नाव्या वर्षी गाडी शिकलेली बाई, तिचा सगळा धीर कानावर असतो. इंजिन रोजच्यासारखं वाजतंय ना, एवढंच ती ऐकत असते. नवा आवाज आला की पाय कुठं आहेत तेच कळत नाही. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला, "थांब. बाजूला घे." माणसाचा आवाज. तिला वळून बघावं लागलं. चौदा महिन्यांत सुनीलनं आपणहून तिला काही सांगितलं नव्हतं. चहा हवा का, तर मान. खिडकी लावू का, तर मान. लेकीचा, अक्षदाचा पुण्याहून फोन आला, तर "बरंय" आणि फोन परत नंदाच्या हातात. आणि आता तो पुढं वाकून लाल दिव्याच्या जागेकडं बघत होता, कपाळाला आठी घालून. कंपनीतून घरी आल्यावर कुकरची शिट्टी वेगळी वाजली तरी बघायचा, तसा.

तिनं गाडी एका खताच्या दुकानासमोर घेतली. त्यानं तिला हँडब्रेक तीनदा ओढायला आणि सोडायला लावला. दिवा लागला, विझला, लागला, विझला. सगळं बरोबर. "वही काढ," तो म्हणाला. "लिही. मंचर. पहिला गिअर. रस्ता सपाट. इंजिन गरम. आवाज पाच सेकंद." तिनं किराणा लिहायच्या वहीचं मागचं पान उघडून लिहिलं.

एकोणतीस वर्षं सुनीलनं चाकणच्या एका कारखान्यात ब्रेकचे भाग तपासण्यात काढली होती. हजारात एक खराब निघायचा, तो शोधायचा. घरी यायचा तेव्हाही डोळे तसेच असायचे. भाजीच्या जुडीत, अक्षदाच्या मार्कांत, नंदानं शिवलेल्या ब्लाउजच्या काखेत तो आधी खोट बघायचा आणि मग म्हणायचा, चांगलं झालंय. तिला त्याचा राग यायचा. भोसरीतल्या दोन खोल्यांत शिवणक्लासच्या सहा मशिनी आणि हा तपासनीस. किती वेळा तिनं मनात म्हटलं असेल, या माणसाचं तोंड एकदा बंद होऊ दे. ते असं बंद होईल हे तिला कुठं ठाऊक होतं? गाडी त्यानं त्याआधीच घेतली होती, शाळेची जुनी तेरा सीटर. दोन वर्षं दर रविवारी अवसरीला, आपल्या भावाच्या गोठ्याशेजारी उभी करून, तिच्यात त्यानं पलंग बसवला, ओटा बसवला, छतावर पाण्याची टाकी चढवली, पडद्यांची मापं नंदाकडून तीनदा घेतली. लोक यायचे आणि म्हणायचे, "काय राव, घराला चाकं लावली का?" नोकरी संपली की माळशेज उतरून कोकणात जायचं, समुद्राला लावायची गाडी आणि आठ दिवस हलायचं नाही, असं ठरलं होतं. आणि नोकरी संपायला सात महिने असताना एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. त्यानं आरशातून तिच्याकडं बघितलं आणि काहीतरी बोलला, आणि ते शब्द नव्हते.

बोलणं तीन आठवड्यांत परत आलं. पाय दोन महिन्यांत. उजवा हात हलायला लागला, पण त्यातली जाणीव आली नाही. एकदा ती पोळ्या करत असताना तो ओट्याशी उभा होता आणि तिला वास आला. त्याची बोटं तव्याच्या कडेला टेकली होती, त्याला पत्ता नव्हता. त्यानंतर तो स्वयंपाकघरात आला नाही. बोटं आत वळलेली असायची, म्हणून हातावर कायम टॉवेल. लोक आले की टॉवेल. नंतर लोक नसले तरी टॉवेल. पलंगावर बसून तो समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडं बघायचा. त्या भिंतीला खिडकीसुद्धा नव्हती. क्लासच्या पोरी हळू बोलायच्या, मशिनी हळू चालवायच्या, आणि नंदाला वाटायचं, घरात कुणीतरी गेलंय आणि आपण अजून रडलो नाही. एक दिवस ती उठली आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. अक्षदा फोनवर ओरडली. सुनील काहीच बोलला नाही, ना हो ना नको. चार महिन्यांनी ती गोठ्याशेजारची गाडी स्वतः चालवत आणून घराखालच्या रस्त्याला लावून आली, तेव्हाही तो फक्त तिच्या चपलांकडं बघत राहिला; आणि ठरलेल्या कोकणासाठी ती त्याला घेऊन निघाली तेव्हाही.

आणि आता तो म्हणत होता, "गॅरेज बघ कुठलं. चांगलं बघ."

गॅरेजवाल्याचं नाव चांगदेव. पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानाला बिडी लावलेला माणूस. त्यानं ब्रेकच्या तेलाची बाटली बघितली, भरलेली होती. हँडब्रेकच्या बुडाचा स्विच काढला, फवारा मारून पुसला, परत बसवला. मग नंदाला खाली उतरवून स्वतः चालवून आला, शेजारी आपला माणूस बसवून. दोन चकरा. आवाज नाही. "काय बी न्हाई वहिनी," तो म्हणाला. "जुन्या गाडीला असलं व्हतंच. त्याची वायरच काढून टाकतो. ना दिवा ना कटकट."

"वायर काढायची नाय," सुनील म्हणाला.

"आवो दाजी, ब्रेक लागतोय झ्याक. नुस्ता बजर वाजतोय. त्याला काय भ्यायचं?"

"वायर काढायची नाय म्हणून सांगितलं ना!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. "बजर मुका करायचा आणि म्हणायचं, दुरुस्त झालं? मी एकोणतीस वर्षं काय केलं मग?" त्याचा चेहरा लाल झाला होता, ओठाच्या उजव्या कोपऱ्यात थुंकी जमली होती, आणि नंदा गाडीच्या सावलीत उभी राहून पदर तोंडाला लावत होती, कारण तिला हसू येत होतं. रडू येत होतं. हा माणूस तिला ओळखीचा होता. याच्यावर तिला अजून कितीतरी वर्षं राग धरता आला असता.

चांगदेवनं नवा स्विच घातला. कळंबच्या अलीकडं एक कुत्रं आडवं आलं, तिनं ब्रेक दाबला, आणि टीं टीं टीं टीं. नारायणगावच्या पुलावर पुन्हा. ओतूर सोडल्यावर बराच वेळ काही नाही, आणि मग साध्या सरळ रस्त्यावर, बाजूला द्राक्षाच्या बागा, मागं-पुढं वाहन नाही, पुन्हा. "लिही," सुनील म्हणायचा. "तिसरा गिअर. वेग चाळीस. खड्डा नाही. वळण नाही." ती गाडी कडेला घ्यायची आणि लिहायची. तिला गाडीची भीती वाटत होती आणि तो आवाज थांबू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. बराच वेळ आवाज आला नाही की ती चोरून त्याच्याकडं बघायची. तो खिडकीबाहेर बघायला लागलाय का? डोळे पुन्हा त्या भिंतीकडं गेलेत का? आणि टीं टीं झालं की तिच्या जीवात एकदम जीव यायचा आणि त्याच्याबरोबर लाजही यायची. आपण नवऱ्याच्या गाडीत बिघाड असावा म्हणून देवाला म्हणतोय.

डिंगोऱ्याला तिचा थोरला भाऊ गोरक्ष राहतो. बापाची मेंढरं त्यानं अजून मोडलेली नाहीत. पन्नासेक आहेत, बाकी शेती. तिथं रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा बेत होता, तो दोन दिवस लांबला. सुनीलनं अंगणात गाडीखाली पोतं अंथरलं आणि पाठीवर सरकत आत गेला. डाव्या हातात टेस्ट लॅम्प, दातात पिळलेली वायर. नंदा वरून बटणं दाबायची, तो खालून ओरडायचा. "आता? आता? सोड. परत." दुपारी तो गाडीखालून निघाला तेव्हा केसांत शेणाचा भुगा होता आणि त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. तिसरीचा तुकडा मोडत त्यानं गोरक्षला समजावून सांगितलं, हँडब्रेकचा दांडा जरा उचलला की त्याला अडकवणारे दात लागायच्या आधीच बजर वाजतो, दांडा सुटला की बंद. पण चालत्या गाडीत दांडा कोण उचलतंय, म्हणजे कुठंतरी दोन वायरी एकमेकींना शिवतायत. गोरक्षनं मान डोलावली. नंतर मेंढरांना पाला टाकताना तो नंदाला हळूच म्हणाला, "दाजी लई दिसांनी बोलाया लागलं गं. मला वाटलं व्हतं, आता संपलं."

"गप," ती म्हणाली. कुणी नाव घेतलं तर जाईल, अशी तिला भीती वाटली.

संध्याकाळच्या आत ते पाच-सहा वेळा गाडी काढून आले. सुनील मागं ओट्याखाली, वायरींच्या जुडग्याजवळ कान लावून पडलेला, शेजारच्या सीटवर गोरक्ष, फेट्याचं टोक सावरत. आवाज नाही. मागच्या चाकाखाली मुद्दाम दगड घालून उतरवली. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी सुनील पुढं बसला; उदापूरच्या फाट्यावर उसाची ट्रॉली अंगावर आली, आणि आवाज. त्यानं हे सगळं लिहून घेतलं. गिअर, वेग, उतार, ऊन, लाईट चालू का बंद. कोण कुठं बसलं होतं, हे त्या वहीत लिहायला जागा नव्हती. नंदालाही सुचलं नाही. तपासायचं काम त्याचं, लिहायचं तिचं; लग्न झाल्यापासून हे असंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. गोरक्षच्या बायकोनं डब्यात मटकीची उसळ बांधून दिली. नंदा लहानपणी या रस्त्यानं चालत गेली होती, मेंढरांच्या मागं, टोपलीत दोन कोकरं घेऊन. तेव्हा घाटात एवढे कठडे नव्हते. बाप घोड्याच्या मागं दोर धरून चालायचा, उतारावर संसार लादलेला घोडा पुढं घसरू नये म्हणून मागं रेलून, टाचा रोवत. आई पुढून सारखी हाका मारायची, कोण कुठं आहे ते बघत. नंदाला त्यातलं फार आठवत नव्हतं. बापाच्या टाचा तेवढ्या आठवत होत्या, भेगाळलेल्या, आणि आपण त्याच टाचांकडं बघत उतरलो एवढं. ती ते सुनीलला सांगणार होती. तेवढ्यात त्याला जांभई आली.

मोठी जांभई होती. तोंड पूर्ण उघडलं, डोळे मिटले, आणि त्याच वेळी त्याच्या मांडीवरून मधल्या जागेत लोंबणारा टॉवेल वर उठला. हळूच, आतून मांजर उठावं तसा. टीं टीं टीं टीं. जांभई संपली. टॉवेल खाली बसला. आवाज बंद.

"लिही," सुनील डोळे पुसत म्हणाला.

ती चालवत राहिली. पुढचा रस्ता तिला दिसत होता, उजवीकडं पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, त्यावर ऊन, एक एसटी समोरून आली आणि गेली. तिच्या डोक्यात मात्र दवाखान्याचा बोळ होता. डॉक्टर चालता चालता तिला सांगत होते, हात हलेल, पण कुठं आहे ते बघितल्याशिवाय त्यांना कळणार नाही. जांभई आली, दचकले, कुठं जोर लावला, तर आपोआप वर उचलला जाईल, घाबरू नका. तिनं तेव्हा मान डोलावली होती, हातात औषधांची पिशवी होती, आणि पुढच्याच दारात ती हे सगळं विसरून गेली होती. मंचरमध्ये मागून हॉर्न. कळंबला कुत्रं. उसाची ट्रॉली. आत वळलेली ती चार बोटं हँडब्रेकखाली अडकलेली, टॉवेलाखाली, आणि माणूस घाबरला की हात घाबरतो, आणि माणसाला त्याची बातमी नसते. ओतूरच्या पुढं रस्ता मोकळा होता तेव्हा काय झालं होतं? जांभईच असेल. की त्या मोकळ्या रस्त्यावर तो मनात कशाला तरी दचकला होता? तिला तो कारखान्यात दिसला, पांढऱ्या दिव्याखाली, हजार भाग हातातून घालवत. आणि दोन दिवस गाडीखाली, पाठीवर, शेणात. शोधत होता तो हाच हात.

"काय झालं?" तो म्हणाला. "लिहीत का नाहीस?"

"थांबते पुढं," ती म्हणाली.

चहाच्या टपरीवर ती उतरली, लिहिलं, आणि त्याच्या बाजूचं दार उघडून आपली शाल त्याच्या अंगावर घातली. गार वारं आहे म्हणाली. घालताना उजवा हात उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, शालीची दोन टोकं त्याच्याभोवती घट्ट खोचली. हात कोमट होता आणि जड. त्यानं तिच्याकडं बघितलं, शालीकडं नाही. तिला वाटलं, होईल. मधल्या जागेत एक गादीची हातटेकणी शिवून बसवू. कापूस घालून. अर्ध्या दिवसाचं काम. त्याला म्हणू, चांगदेवचाच स्विच नीट बसला नव्हता, आता बसला. तो चार दिवस कुरकुरेल. मग? मग दुसरं काहीतरी शोधेल. पंखा, पंप, टाकीची गळती. गाडीत बिघाड कमी असतात का? तिनं गाडी सुरू केली. दहा-बारा किलोमीटर आवाज आला नाही. मढ मागं गेलं. एकदा त्याला जांभई आली आणि शाल हलली, फक्त शाल. कडेला थांबून तिनं वहीत लिहिलं, आवाज नाही. पुन्हा लिहिलं, आवाज नाही. प्रत्येक वेळी पेन कागदावर टेकताना तिला आपण परीक्षेत चोरून बघतोय असं वाटत होतं.

"बंद झाला," ती म्हणाली. आवाज सहज ठेवला. "बसला असंल स्विच जागेवर."

"आपोआप?"

"हां."

"आपोआप बसलं ते आपोआप उठतं," सुनील म्हणाला. "घाटात उठेल." तो लाल दिव्याच्या जागेकडं बघत राहिला, पण हे भोसरीच्या भिंतीकडं बघणं नव्हतं, आत काहीतरी फिरत होतं. घाट सुरू व्हायच्या अलीकडं रस्ता जरा रुंद झाला होता, कडेला मुरमाची जागा. "इथं घे. केबलच सोडून बघतो मागची. स्विच नसेल, वायर नसेल, तर केबल ओढली जातेय कुठंतरी. एवढं बघितल्याशिवाय खाली नाय जायचं."

"इथं उतार आहे अहो."

"दगड लाव."

ती काही बोलायच्या आत तो उतरला होता. डाव्या हातात पाना, पोतं काखेत. तिनं एक दगड शोधून पुढच्या चाकाला लावला. दगड चपटा होता, तिला दुसरा मिळेना. तो मागच्या चाकांच्या मधून पोटाखाली सरकला, त्याचे पाय तेवढे बाहेर राहिले, बूट वेगवेगळ्या दिशांना पडलेले, उजवा जरा आत. खालून आवाज आला, "नंदा, हँडब्रेक सोड. गिअर न्यूट्रलला घे. केबल सैल पडल्याशिवाय निघणार नाय."

ती सीटवर चढली. एका हातात हँडब्रेक. तीन दिवस ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो लोखंडी दांडा, वर फोमचं कव्हर, तिनंच शिवलेलं. हा सोडला की तीन टनांचं घर त्या चपट्या दगडावर. खाली तो. दगड बहुतेक धरेल. पंधरा मिनिटं धरेल, तो काहीही न सापडता बाहेर येईल, कपडे झटकेल, म्हणेल, लिही. आणि घाटाखाली पुन्हा. तिला बापाच्या टाचा आठवल्या नाहीत, देव आठवला नाही. चौदा महिन्यांतली एक दुपार आठवली, काहीच न घडलेली: ती मशिनवर होती, तो पलंगावर, आणि घड्याळाचा आवाज येत होता. तिनं हँडब्रेक आणखी दोन दात वर ओढला, गाडी गिअरमध्ये आहे ना ते बघितलं आणि खाली उतरली.

"अहो, बाहेर या."

"सोडलास का?"

"नाय सोडला. बाहेर या आधी."

तो सरकत आला. पाठीला मुरूम चिकटलेला. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. सांगायचं कसं, याची तिनं टपरीपासून किती वाक्यं केली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "स्विच नाय," ती म्हणाली. "केबल नाय. तुमचा हात आहे."

"कसला हात?"

"उजवा. टॉवेलाखाली हँडब्रेकला अडकतो. तुमाला जांभई आली, तुमी दचकला, की वर येतो. तुमाला कळत नाय."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग हाताकडं. हात पोत्यावर पडला होता, पालथा, त्याच्या अंगापासून जरा लांब. "दाखव," तो म्हणाला.

ते गाडीत बसले. त्यानं टॉवेल मागं पलंगावर फेकला, शाल काढली, हात डाव्या हातानं उचलून आधी होता तिथं ठेवला. तिनं पायानं ब्रेक घट्ट दाबून हँडब्रेक खाली केला आणि चावी अर्धी फिरवली. त्यानं तोंड उघडून खोटी जांभई आणली, खोटीतून खरी आली, आणि त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा हात वर उठला, दांड्यासकट, बोटभर. टीं टीं टीं टीं. त्यानं पूर्ण वेळ बघितलं. तिला वाटलं, आता झालं. आता तो भिंतीकडं जाणार. घाटातून वर आलेला एक टेम्पो धापा टाकत बाजूनं गेला.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"सकाळी. धरणापाशी."

"धरणापाशी." त्यानं वही उघडली. बोट ओळींवरून खाली आलं. "आवाज नाही. आवाज नाही. हे तू लिहिलंस?"

"हो."

"कळल्यावर?"

"हो."

"माझा हात बिघडला ते बिघडला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "तू मला खोटी नोंद दिलीस नंदा? मी तिथं खाली पडलो असतो, तुझ्या नोंदीवर विश्वास ठेवून."

"मग काय करू?" तिला स्वतःचं ओरडणं ऐकू आलं. "चौदा महिने तुमी माझ्याशी बोलला नाय! चौदा महिने. मी बोलायची भिंतीशी, मशिनीशी. तो बजर वाजला आणि तुमी बोलला. मी देवाला म्हणत होते, वाजू दे. खड्ड्यात गेली गाडी, पण वाजू दे. कळतंय का तुमाला? मला सांगायचंच नव्हतं. आजपण नव्हतं सांगायचं. पण तुमी खाली जाऊन पडला." स्टिअरिंगवर कपाळ टेकवून ती रडली, नाक वाहेपर्यंत, चौदा महिन्यांचं. त्यानं तिला थोपटलं नाही. त्यानं डाव्या हातानं डॅशबोर्डवरचं फडकं घेतलं आणि तिच्यापुढं धरलं. फडक्याला ऑईलचा वास होता.

"बोलायला काय होतं," तो म्हणाला, बाहेर बघत. "तोंड उघडलं की वाटायचं, पुन्हा तसं निघेल. त्या दिवशीसारखं. शब्द नसलेलं. तू आरशात बघत होतीस माझ्याकडं. तुझं तोंड मला दिसलं ना." मग तो म्हणाला, "आणि तू चालवतेस तेव्हा मला भीती वाटते. तू वाईट चालवतेस म्हणून नाय. माझे पाय सारखे ब्रेक शोधतात. खाली काही नसतं."

"मला पण वाटते," ती म्हणाली.

"तुला? तू तर..."

"रोज. निघाल्यापासून."

तो हसला. हसताना तोंड जरा डावीकडं गेलं. मग तिनं मटकीचा डबा उघडला, आणि दोघांनी एकाच डब्यातून खाल्लं, कारण भांडी मागच्या कपाटात होती आणि उठायचं कुणालाच नको होतं. परत फिरायचं का, तिनं विचारलं. तो मागच्या पलंगावर पडून येईल, तर हाताचा प्रश्न नाही, हेही तिनंच म्हटलं, आणि म्हणताना तिला कळलं, तो हो म्हणाला तर आपण त्या वळणांवर एकट्या असू. तो नको म्हणाला. हात कुठं ठेवायचा ते त्यानंच ठरवलं: डाव्या मांडीवर, उघडा, स्वतःच्या नजरेसमोर. "मी बघतो याच्याकडं," तो म्हणाला. "तू रस्त्याकडं बघ. उठला की सांगतो."

तिनं दगड काढला आणि घाटात गाडी घातली. दुसरा गिअर. डावीकडं डोंगराची काळी भिंत, उजवीकडं कठडा आणि कठड्यापलीकडं काहीच नाही, लांब खाली धुरकट कोकण. पहिल्या वळणावर समोरून बस आली. "उठला," सुनील म्हणाला. तिनं वेग कमी केला. "बसला." माकडांची टोळी रस्त्यात. "उठला. हां. बसला." त्याचा आवाज सपाट होता, नोंद सांगितल्यासारखा, आणि तिच्या लक्षात आलं की तो उठला म्हणाला की आपला श्वासही तिथंच अडकलेला असतो. एकदा तो म्हणाला, "उठला," आणि रस्त्यावर काहीच नव्हतं. "कशानं?" तिनं विचारलं. "काय माहीत. खाली बघितलं मी," तो म्हणाला. बोगद्यात शिरताना उठला. बोगद्यातून बाहेर आल्यावर बराच वेळ उठलेलाच राहिला, तेही त्यानं सांगितलं. तिचे खांदे दुखायला लागले होते, तळहातांना घाम होता, स्टिअरिंग ओलं झालं होतं, पण पाय कुठं आहेत ते तिला नीट कळत होतं, एक ब्रेकवर, एक क्लचच्या बाजूला.

मग दरी डावीकडं आली, वळणं मोठी झाली, झाडी दाट झाली आणि हवा एकदम गरम. तिच्या लक्षात आलं की तीन-चार वळणं तो काहीच बोललेला नाही. पुन्हा ती भिंत, तिला वाटलं. तिनं एक क्षण रस्त्यावरून नजर काढली. हात उठलेला होता, मांडीपासून चांगला वीतभर वर, बोटं वळलेली. सुनीलचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यानं खिडकीची काच खाली केली होती, डोकं अर्धं बाहेर काढलं होतं आणि तो खाली दिसणाऱ्या कोकणातल्या घरांच्या कौलांकडं बघत होता.